टेस्ट नदीवरचा योहान

इंग्लंडला जाऊन आलो म्हटल्यावर ठाण्यातले लोक मला राजवाड्याबद्दल विचारतात. मी राजवाडा पाहिला नाही. मी पाहिलं ते हॅम्पशरमधलं एक जुनं शेतघर, आणि त्यात पांढरे झगे घालून बसलेले डझनभर पेन्शनर इंग्रज, जे स्वतःला प्राचीन यहुदी समजत होते. या प्रेक्षणीय स्थळाचं तिकीट नव्हतं, पण डोक्याला ताप भरपूर होता.

मी सॅमसन, घरचे सॅम म्हणतात. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, पोथ्या समुद्रात गेल्या आणि तोंडात फक्त शेमाची, 'देव एकच' म्हणणारी, प्रार्थना उरली, अशी आमच्याकडची कथा. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. एलियाहू संदेष्ट्यावर आमची भारी श्रद्धा. त्याच्या नावाने आम्ही मलिदा करतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एवढं माहीत असलं की पुढचा मूर्खपणा नीट कळेल.

माझी थोरली बहीण फ्लोराताई साउथहॅम्प्टनला राहते. इस्पितळात भूल द्यायची, आता निवृत्त आहे. जेकबभावोजी गेल्यापासून घरात एकटीच. तिचा फोन आला, "सॅम, या ऑक्टोबरात ये. माझ्या स्टडी ग्रुपला तुला दाखवायचंय." मला दाखवायचंय, असं ती म्हणाली होती. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाली असेल.

मिल्टन कीन्स

विमानतळावरून मला आधी भाचीने तिच्या घरी नेलं. भाची म्हणजे ताईची मुलगी रूथ. मिल्टन कीन्स हे गाव बहुधा कंपासपेटी घेऊन बसलेल्या माणसाने वसवलं असावं. एक गोल चौक संपला की पट्टीने आखलेला रस्ता, मग दुसरा गोल चौक, सगळ्यांच्या कडेला तीच झाडं, त्याच उंचीची. माणूस रस्त्यावर दिसत नाही. दिसलाच तर कुत्र्याने त्याला फिरायला आणलेलं असतं.

रूथचा जन्म इथलाच. तिचं मराठी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखं, क्वचित निघणारं आणि थोडं टवके उडालेलं. चहा देऊन ती समोर बसली.

"मामा, तू आईला सांग ना. ती माझा ऐकत नाही."

"काय झालं?"

"तो कॉलिन आहे ना, ग्रुपचा. वीकेंडला रिट्रीट आहे, सगळे फार्महाउसवर राहणार. संडेला तो आईला रिव्हरमध्ये नेणार. लाइक, बाप्टाइज करणार! तिची वय काय आहे, मामा? इन ऑक्टोबर!"

मला आधी हसू आलं. मग आलं नाही. कोकणात मिशनरी आले तेव्हा आमच्या लोकांनी त्यांच्या शाळांत अक्षरं गिरवली, त्यांनी छापलेली पुस्तकं वाचली, आणि त्यांच्या हातचं पाणी तेवढं डोक्यावर पडू दिलं नाही. आणि आमची फ्लोराताई, उभ्या आयुष्यात डुकराचं सॉसेज ताटाला लागू न देणारी, एका कॉलिनच्या हातून नदीत बुचकळून घेणार!

"मी बघतो," मी रूथला म्हणालो. इतिहासाच्या मास्तराला असं म्हणायला फार आवडतं.

साउथहॅम्प्टन

ताईच्या स्वयंपाकघरात पोहोचलो तेव्हा ती नारळ खवत होती. बंदरात उभ्या असलेल्या प्रवासी जहाजाचा वरचा मजला खिडकीतून दिसत होता. एखादी हाउसिंग सोसायटी पाण्यावर आणून ठेवावी तसा.

"मलिदा कशाला?"

"ग्रुपसाठी. रिट्रीटला न्यायचाय. त्यांना आवडतो. कॉलिन त्याला एसीन म्युझली म्हणतो."

मी खुर्चीत बसलो. मग तिने कॉलिनचा सिद्धांत मला सांगितला. सांगताना तिचे डोळे चमकत होते, हे मला जास्त खटकलं.

एसीन हा येशूच्या काळातला एक यहुदी पंथ. पांढरे कपडे, सगळ्यांचं एकत्र जेवण, कडक नियम, रोजचं शुद्धिस्नान. मृत समुद्राकाठच्या गुहांत ज्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्या त्यांच्याच असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. आणि तिथून फार लांब नाही अशा यार्देन नदीवर बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना पाण्यात बुडवून पश्चात्ताप करा म्हणून सांगत होता. तो मूळचा एसीन होता का, हा प्रश्न खरा आहे. शहाण्या माणसांनी त्यावर डोकी फोडून घेतली आहेत. याजकाच्या घरात जन्मलेला, लहानपणापासून रानात वाढलेला, पाणी हेच साधन; आणि रानात देवाची वाट तयार करण्याबद्दलची संदेष्ट्याची एक जुनी ओळ तोही स्वतःला लावून घेतो आणि तो पंथही. धागे आहेत. गाठ कुठेच नाही.

पण कॉलिन बेसिंगस्टोकच्या कुठल्याशा कंपनीतून सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला. त्याला गाठ नसणं सहन होत नव्हतं. त्याने ठरवलं की योहान एसीन होताच. योहानाला लोक पुन्हा आलेला एलियाहू म्हणायचे. बेने इस्राएल एलियाहूला मानतात. तेव्हा रोमन लोकांपासून पळालेले एसीन गलबतात बसून थेट नवगावला उतरले, आणि माझी बहीण ही योहानाच्या पंथाची इंग्लंडमधली शेवटची वारस!

"ताई, तुला हे पटतं?"

"ऐकून तर घे त्याचं," ती म्हणाली. "तू नेहमी आधी हसतोस."

टेस्ट नदीकाठी, शुक्रवार आणि शनिवार

शेतघर सुंदर होतं, हे नाइलाजाने सांगावं लागतं. मागे कुरण, पुढे टेस्ट नदी, इतकी स्वच्छ की तळाशी हलणारं गवत आणि त्यावर आळसावलेले ट्राउट मासे काठावरून दिसावेत. आपल्याकडे अशी नदी असती तर तिच्यावर घाट, देऊळ आणि भज्यांची गाडी आली असती. इथे फक्त एक पाटी होती: खासगी मासेमारी.

कॉलिन दारातच भेटला. उंच, गुलाबी, पांढरी दाढी, पायांत सँडल आणि सँडलमध्ये मोजे. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्रजीत म्हणाला, "सॅमसन! तुमच्या चेहऱ्यात मला ते वाळवंट दिसतंय."

"ठाण्यात वाळवंट नाही," मी म्हणालो. "खाडी आहे."

"फॅसिनेटिंग," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी ताईने शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लावले. तिने डोळ्यांवर हात धरले आणि माझ्या आजूबाजूला सगळ्यांचे फोन वर झाले. एक बाई तर गुडघ्यावर बसून दिव्यांचा कोन धरत होती. ही जॅनेट. भूगोल शिकवून निवृत्त झालेली, स्वभावाने गरीब. मी तिच्या फोनसमोर उभा राहिलो. तिने सॉरी म्हटलं आणि माझ्या बाजूने वळून फोटो काढला.

जेवणाचं काय सांगावं! एसीन ब्रेड नावाची मोड आलेल्या गव्हाची एक वीट होती, न भाजता नुसती सुकवलेली. मसुराचं पाणी होतं. त्याला फोडणी नाही, मीठही भीतभीत. मोड आलेल्या धान्याचं आपण इतकं काही करतो, आणि इथे माणसं ते कच्चं चावून डोळे मिटून घेत होती. ताईचा मलिदा तेवढा माणसाच्या खाण्यासारखा. तो सगळ्यात आधी संपला.

"योहान शाकाहारी होता," कॉलिन मला समजावू लागला. "टोळ खायचा म्हणतात ते चूक. त्या एका झाडाच्या शेंगा होत्या. एसीन मांसाला शिवत नसत."

"मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत टोळ कसे शिजवावेत याचा नियम आहे," मी म्हणालो. "जिवंत असताना विस्तवात नाहीतर पाण्यात टाकायचे."

जॅनेटने हातातली वीट खाली ठेवली. मग जॅनेट म्हणाली, "किती छान, की तुम्हाला अजून ते आठवतंय."

आठवतंय! जणू मी परवाच टोळ खाऊन आलो होतो.

शनिवारी दुपारी कॉलिनचं व्याख्यान झालं. भिंतीवर नकाशा, यार्देनपासून नवगावपर्यंत लाल बाण. बाण समुद्रावरून असा सरळ गेला होता की वाटावं, योहान मिल्टन कीन्सचा रस्ता विचारून निघाला होता. शेवटच्या चित्रात माझी बहीण नारळ खवताना. खाली लिहिलं होतं: द लास्ट एसीन.

मी उभा राहिलो. चाळीस मुलांच्या वर्गाला गप्प बसवणारा आवाज काढला. म्हटलं, एसीन पंथ बंद दाराचा. आत यायला वर्षानुवर्षांची परीक्षा. योहान उघड्या काठावर उभा राहून जकातवाल्यांना आणि शिपायांना बोलवत होता. त्यांचं स्नान रोजचं, याचं एकदाच, जन्म बदलण्यासाठी. आणि शेवटचं ऐका. एसीन लोक तेलाला अपवित्र मानत. अंगाला थेंब लागला तर घासून काढत. आम्ही कोकणात शतकानुशतकं काय केलं? तेल काढलं! गावाने आम्हाला नावच तेली ठेवलं. तेलाला विटाळ मानणाऱ्यांची पोरं घाण्याला कशी काय जुंपली गेली, हे मला कोणीतरी सांगावं.

हा घाव बसणार याची मला खात्री होती. कॉलिनने वही मिटली. मग त्याचे डोळे भरून आले.

"प्रायश्चित्त," तो कुजबुजला. "ते त्यांचं प्रायश्चित्त होतं."

टाळ्या पडल्या. मला! लोक येऊन माझा हात दाबत होते. इंग्रज माणसाशी भांडता येत नाही. तो तुमच्या तलवारीला धन्यवाद म्हणतो आणि भिंतीवर टांगतो.

मी तणतणत कुरणात गेलो. तिथे चिखलात माझा डावा बूट रुतून बसला, तो उपसायला वाकलो तर मागून ताई आली. आता शाबासकी देईल असं वाटलं.

"बरं वाटलं तुला?" तिने विचारलं.

"ताई, हा माणूस तुला म्युझियममध्ये ठेवतोय. उद्या पाण्यात घालणार. आजोबा-पणजोबांनी मिशनरींकडून अक्षरं घेतली, पाणी घेतलं नाही. आणि तू..."

"तुला ठाऊक आहे, मी इथे किती वर्षं राहतेय?" तिने मला तोडलं. "मराठी मंडळात गणपतीला जाते. दरवर्षी कोणीतरी विचारतं, फ्लोरा म्हणजे तुम्ही कॅथलिक ना? सिनेगॉगमध्ये जाते. तिथल्या बायका फार प्रेमाने विचारतात, तुमच्या घरचे कधी कन्व्हर्ट झाले? जेकब होता तोवर आम्ही दोघं घरी येऊन हसायचो. आता घरी येऊन कोणाबरोबर हसू?"

मी बूट हातात धरून उभा होतो.

"हा कॉलिन मूर्ख आहे, मला कळत नाही का? लोकांना झोपवण्यात जन्म गेला माझा, कोण शुद्धीत आहे ते मला समजतं. पण नवगाव कुठे आहे, तुझी आई मलिदा कसा करायची, हे मला या देशात पहिल्यांदा त्याने विचारलं. चुकीचं का होईना, पण विचारलं. आणि तू तिकडून येऊन दोन दिवसांत ते मोडायला बसलास."

"मग उद्या उतरणार तू पाण्यात?"

"उतरणार."

"त्याच्या हातून?"

ती शेतघराकडे परत चालू लागली. मला तिचा राग आला, आणि तिच्यापेक्षा जास्त कॉलिनचा, कारण त्याच्यावर राग काढणं सोपं होतं.

रविवार

सकाळी कुरणावर धुकं होतं. मंडळी झगे घालून काठावर ओळीने उभी. झग्यांच्या खाली लोकरीचे पायमोजे आणि रबरी बूट दिसत होते. कॉलिन आधीच पाण्यात होता, कमरेपर्यंत. झग्याखाली त्याने मासे धरणाऱ्यांची रबरी विजार घातली होती. थंडीत पाय ओले न करता यार्देनमध्ये उभा राहणारा असा योहान दुसरा झाला नसेल.

ताई आली. सैल पांढरा झगा, पाय उघडे, केस मोकळे सोडलेले. तिचे केस मी कधी मोकळे पाहिले होते ते आठवेना. सगळे पांढरे, कमरेच्या जरा वर. तिने काठावर बसून आधी पाय पाण्यात सोडले, मनगटं भिजवली, तोंडावर पाणी मारलं. भूलतज्ज्ञ होती ती, थंड पाण्यात हृदय कसं दचकतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. टॉवेल, जाड कोट, चहाचा थर्मास, सगळं तिने हाताशी मांडून ठेवलं होतं. मग ती उतरली. पाणी छातीला लागलं तेव्हा तिचा श्वास मोठ्याने आत गेला. मी एक पाऊल पुढे टाकलं.

कॉलिनने एक हात तिच्या पाठीला लावला, दुसरा डोक्यावर ठेवला आणि काहीतरी भारदस्त बोलायला तोंड उघडलं.

"हात काढ, कॉलिन," ताई म्हणाली. इंग्रजीत, ऑपरेशन थिएटरमध्ये बोलत असेल तशी. आवाज चढला नव्हता.

"पण योहान..."

"योहान बुडवत असेल. आमच्यात कोणी कोणाला बुडवत नाही. ज्याचं त्याने उतरायचं असतं. तुझे एसीनही स्वतःच उतरत होते. तू बाजूला हो."

तो बाजूला झाला. रबरी विजारीत बाजूला होणं सोपं नसतं. तो घसरला, पाणी विजारीत शिरलं आणि त्या धार्मिक सकाळी त्याच्या तोंडून एक अगदी अधार्मिक शब्द निघाला. कोणी हसलं नाही. सगळे ताईकडे बघत होते.

ती अजून दोन पावलं आत गेली. डोळ्यांवर हात धरला आणि शेमा म्हणाली. आई म्हणायची त्याच चालीत, कोकणी हेल असलेली. मग हात सोडले आणि खाली गेली.

वर आली ती थेट माझ्याकडे वळून. दात वाजत होते.

"सॅम! केस बुडले का सगळे?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. आमच्या शुद्धिस्नानाला काठावर एक बाई उभी लागते. केसाचं टोकही पाण्यावर राहिलं नाही ना, हे बघायला, आणि झालं म्हणून सांगायला. इथे तशी बाई कोण होती? जॅनेट? त्या सगळ्या काठावर हे काम ज्याला माहीत होतं असा मी एकटाच, आणि मी ते कधी केलं नव्हतं. पुरुषाने करायचं कामच नव्हे ते.

"उजवीकडची बट वर राहिली, ताई," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "परत जा."

ती परत गेली. पाणी इतकं स्वच्छ होतं की केस खाली पसरताना दिसत होते, तळाच्या गवतासारखे, प्रवाहाबरोबर एका बाजूला झुकलेले. मी एकेक टोक बघितलं.

"झालं!" ती वर आल्यावर मी ओरडलो. "सगळे बुडले, ताई. झालं!"

जॅनेट कोट घेऊन रबरी बुटांनिशी पाण्यात धावली. तिच्या हातात फोन नव्हता. कोणाच्याच नव्हता.

तासाभराने ताई गाडीत हीटर लावून, दोन कोट घालून, चहा पीत बसली होती. कॉलिन कुडकुडत माझ्याजवळ आला. कोरडी विजार घालून आला होता, पण चेहरा उतरलेला. दुपारच्या समारोपाचं व्याख्यान त्याने रद्द केलं होतं.

"ते स्वतः बुडत. तो दुसऱ्यांना बुडवत होता," तो म्हणाला. "हे मी कितीदा वाचलंय. मग तो त्यांच्यातला नव्हता?"

"किंवा होता आणि सोडून आला," मी म्हणालो. "किंवा शेजारी राहिला आणि ओळखही झाली नाही."

"यातलं कुठलं?"

तो खरोखरच विचारत होता. उत्तरासाठी थांबला होता. दोन दिवस मी याच संधीची वाट पाहत होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो. "कोणालाच माहीत नाही."

परतीच्या वाटेवर ताई शेजारी बसून टॉवेलने केस पुसत होती. गाडी मीच चालवत होतो, आणि गाडी चालवण्याची इथली शिस्त मला अजिबात पसंत पडली नाही. विंचेस्टरजवळ तिने गाडीच्या फोनवरून कॉलिनला फोन लावला. मला वाटलं, आता त्याला ठणकावेल. तिने विचारलं, ओले मोजे काढलेस का, आणि येत्या गुरुवारी सगळे माझ्याकडे या, मी फोडणी दिलेलं वरण करते, माणसं काय खातात ते तरी बघा. मी मान हलवली. ही बाई सुधारणार नव्हती. तेही सुधारणार नव्हते.

फोन ठेवते तोच रूथचा आला. गाडीभर तिचा आवाज घुमला. "मामा? काय झाला? त्याने आईला बाप्टाइज केला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचे केस अजून ओले होते, कोटाच्या कॉलरवर पाणी ठिबकत होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "तुझी आई बाटली नाही. नुसती भिजली."

"बाटली मीन्स व्हॉट? बॉटल?"

आणि फ्लोराताई हसायला लागली. हसता हसता तिला शिंक आली, शिंकेनंतर परत हसू आलं, आणि रूथ तिकडून विचारत राहिली, काय झाला, काय झाला, आणि आम्हा दोघांनाही उत्तर देता येईना.